गावातील जमीन, स्वप्नातील घर आणि राज्यांचे कायदे

निवृत्तीनंतर डोंगरउतारावर थोडी जमीन घ्यावी व टुमदार घर बांधावे, ही शहरी मध्यमवर्गाची जुनी आकांक्षा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ङ) नुसार देशात कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला आहे. मात्र त्यातून शेतजमीन खरेदी करण्याचा अधिकार आपोआप निष्पन्न होत नाही. शेतजमिनीचे हस्तांतरण राज्यसूचीच्या १८ व्या नोंदीत येते आणि समवर्ती सूचीच्या ६ व्या नोंदीतून ते स्पष्टपणे वगळले आहे. साहजिकच राज्याची सीमा ओलांडताच नियम बदलतो.

हिमाचल प्रदेशाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७१ मध्ये पूर्ण राज्याचा दर्जा मिळाल्यानंतर लगेचच, १९७२ मध्ये, तेथे कूळवहिवाट व भूसुधारणा अधिनियम संमत झाला. डोंगराळ प्रदेशातील अल्पभूधारक रोख पैशाच्या निकडीपोटी बाहेरील धनिकांना जमीन विकून भूमिहीन होईल, ही त्यामागील भीती. म्हणून कलम ११८ अन्वये शासनाच्या परवानगीविना बिगरशेतकऱ्यास जमीन हस्तांतरित करता येत नाही. येथे शेतकरी म्हणजे हिमाचलमधील जमीन स्वतः कसणारा. नाशिकचा द्राक्षबागायतदारही तेथे बिगरशेतकरी ठरतो. इतकेच नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिलेली, पण शेती नसलेली व्यापारी व नोकरदार कुटुंबेही! निवासासाठी ५०० चौरस मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. परंतु विहित मुदतीत त्या प्रयोजनासाठी वापर न झाल्यास जमीन शासनाकडे निहित होते. स्थानिक शेतकऱ्याच्या नावे खरेदी करण्याची पळवाटही धोक्याची आहे, कारण बेनामी व्यवहारात पैसा आणि जमीन दोन्ही गमावण्याची वेळ येते.

या संरक्षणाची किंमत शेतकरीही मोजतो. खरेदीदार मर्यादित असल्याने, आजारपणासाठी वा शिक्षणासाठी जमीन विकू पाहणाऱ्यास खुल्या बाजारातील भाव मिळत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. तथापि एकदा गेलेली जमीन त्या कुटुंबाकडे सहसा परत येत नाही, हेही तितकेच खरे.

जुन्या मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कूळ कायद्यातील कलम ६३ याच धर्तीचे आहे, पण तेथे महाराष्ट्रातील अन्य जिल्ह्यांचा शेतकरी अपात्र ठरत नाही. हा कायदा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या अनुसूचीत समाविष्ट झाला.

कर्नाटकाने मात्र उलट दिशा धरली. तेथील १९६१ च्या कायद्यानुसार बिगरशेती उत्पन्न वार्षिक २५ लाख रुपयांहून अधिक असलेल्यांना शेतजमीन घेण्यास मनाई होती. २०२० मध्ये कलम ७९-अ व ७९-ब रद्द होऊन ती मनाई उठली. शेतीत गुंतवणूक येईल, हा शासनाचा युक्तिवाद होता; शेतकरी संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. याउलट उत्तराखंडने २०२५ मध्ये निर्बंध अधिक कडक केले. हरिद्वार व उधमसिंहनगर वगळता उर्वरित ११ जिल्ह्यांत बाहेरील व्यक्तींना शेती व फळबागांची जमीन घेण्यास तेथे प्रतिबंध करण्यात आला.