शिरेतला मेद आणि नवजाताचे यकृत

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे पुरेसे दूध पचवण्याइतके तयार नसते आणि गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत साठणारी चरबीही त्याच्या अंगावर चढलेली नसते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस साखर, प्रथिने आणि मेद थेट शिरेतून द्यावे लागतात. तेल रक्तात तसेच सोडता येत नसल्याने ते अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिडच्या साहाय्याने सूक्ष्म थेंबांत फोडून दुधासारखे पांढरे इमल्शन तयार करतात. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी सोयाबीन तेलापासून बनवलेले ‘इंट्रालिपिड’ हे त्याचे पहिले भरवशाचे रूप होय. 20 टक्के इमल्शनच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे 2 किलोकॅलरी असतात. एक किलोच्या बाळाला दिवसाला 3 ग्रॅम मेद देणे म्हणजे अवघे 15 मिलिलिटर, जे सिरिंज पंपातून चोवीस तास सावकाश सोडले जातात.

हेच पोषण आठवडे लांबले की यकृतात पित्त तुंबू लागते, ज्याला कोलेस्टॅसिस म्हणतात. रक्तातील डायरेक्ट बिलिरुबिन डेसिलिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या वर जाते, लघवी गडद आणि शी पांढुरकी होते. नवजातांच्या नेहमीच्या, आपोआप ओसरणाऱ्या काविळीपेक्षा ही कावीळ वेगळी असते. सोयाबीन तेलातील वनस्पतिजन्य स्टेरॉल पित्त बाहेर टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणतात, जंतुसंसर्ग यकृतावर आघात करतो, आणि आतड्यात अन्नच न उतरल्याने पित्त वाहवणारी संप्रेरकेही स्रवत नाहीत.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील कॅथलीन गुरा, मार्क पुडर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली माशांच्या तेलाचे इमल्शन दिल्यावर दोन अर्भकांचे कोलेस्टॅसिस ओसरल्याचे नोंदवले. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या आजाराच्या मुलांसाठी ते मान्य केले. सोयाबीन, नारळजन्य मध्यम साखळीचा मेद, ऑलिव्ह आणि मासे यांचे मिश्र तेलही आता वापरात आहे. तथापि आतड्याची शस्त्रक्रिया न झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे मिश्रण यकृत निश्चितपणे वाचवते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि महाग बाटली म्हणजे हमखास संरक्षण हा समज घातक आहे.

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तर बाटलीपेक्षा आईच्या दुधाचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. शासकीय रचनेत तालुका पातळीवरील नवजात स्थिरीकरण कक्षाचे काम मुख्यतः बाळाला ऊब देणे, श्वास सांभाळणे आणि गरज पडल्यास वरच्या रुग्णालयात पाठवणे हे असते. शिरेवाटे संपूर्ण पोषणासाठी सहसा बेंगळुरू गाठावे लागते. आईचे दूध मात्र बाळाबरोबर तेथवर पोचू शकते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, तेव्हा आईचे दूध न मिळणाऱ्या बाळालाही मानवी दूधच मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. यकृताच्या दृष्टीनेही या दुधाचे मोल मोठे आहे. दर दोन-तीन तासांनी नळीतून दिलेले मिलिलिटरभर दूधही आतड्याला आणि पित्ताला कामाला लावते. दिवसाला दर किलोमागे सुमारे 120 मिलिलिटर दूध पचू लागले की शिरेतील मेद सहसा थांबवता येतो. तुंबलेले पित्त मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे हळूहळू ओसरत राहते, म्हणून बाळ घरी गेल्यावरही बिलिरुबिनची तपासणी चालू ठेवावी लागते.