'व्हेरी टेस्टी'च्या पुढे

२०१८ साली हापूसला जीआय मानांकन मिळालं. पण त्याची चव इंग्रजीत सांगताना आपली गाडी 'व्हेरी टेस्टी'वरच अडते. मग हे शब्द लक्षात ठेवा.

कैरी 'रॉ', पिकलेला आंबा 'राइप', लिबलिबीत झालेला 'ओव्हरराइप'. रेषाळ रायवळ 'फायब्रस', हापूस 'स्मूथ'. कापा फणस 'फर्म', बरका 'सॉफ्ट'. नुसतं आंबट ते 'सावर', पण कोकमाचा हवाहवासा आंबटपणा 'टार्ट'. काजूचं बोंड मात्र 'बिटर' नव्हे. ते तुरट, म्हणजे 'अ‍ॅस्ट्रिंजंट'. त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं.

कॅम्पस इंटरव्ह्यूत गावाबद्दल विचारलं, तर निदान आपल्या आंब्याला न्याय द्या!