उद्यापन नसलेले व्रत : पेठ भागातील सण, निषेध आणि त्यांचा जाच

कडक धर्माचे नियम माणसाला जाचतात ते त्यांच्या कडकपणामुळेच, ही समजूत इतकी रूढ आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. उपवास जितका लांब तितका त्याचा त्रास अधिक. निषेध जितके पुष्कळ तितकी त्यांतून सुटण्याची ओढ तीव्र, असा हा सरळ हिशेब आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला भिडलेल्या पेठ तालुक्यातील धर्मव्यवहार पाहिला म्हणजे मात्र हा हिशेब चुकतो. तेथील कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांत अत्यंत कडक व्रते कुरकुरीवाचून पाळली जातात. आणि त्यांहून पुष्कळच सौम्य दिसणारे नियम घराघरांत धुसफूस निर्माण करतात. हे कसे घडते, याची उपपत्ती लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आदिवासींचा मूळ धर्म म्हणजे नाचगाणे, मोहाची दारू आणि कोंबड्याचा बळी. निर्बंध काय ते बाहेरून आले, असे चित्र शहरी वाचकाच्या मनात असते. हे चित्र खोटे आहे. या भागातील वर्षचक्र निषेधांनी भरलेले आहे. पावसाळ्याच्या आरंभी रानात तेऱ्याची, म्हणजे रानटी अळूची, कोवळी पाने उगवतात. धान्याची कणगी याच सुमारास तळाला लागलेली असते आणि ताजी भाजी दारातच उभी असते. तरीही आषाढात तेरा हा सण होऊन देवाला ती भाजी अर्पण झाल्याशिवाय ती कोणी तोंडात घालावयाची नसते. नव्या धान्याचेही तसेच. कणसरी ही धान्याची देवता. तिचा मान झाल्यावाचून नवे खाणे होत नाही. अमावास्येला बैल जुंपावयाचा नाही, मग पाऊस पेरणीला कितीही अनुकूल असो. भुकेच्या दिवसांत समोरचे अन्न न खाणे हा निषेध सौम्य म्हणता येणार नाही.

परंतु कडकपणाची खरी परिसीमा डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पाहावयास मिळते. मार्गशीर्ष महिन्यात गावातील काही पुरुष हे व्रत धरतात. व्रत धरलेल्या माणसाला ‘माउली’ म्हणतात आणि व्रत असेपर्यंत त्याची नेहमीची ओळख जणू बाजूला ठेवली जाते. माउल्यांनी घरी राहावयाचे नाही; पत्नीपासून दूर राहावयाचे; ऐन थंडीत गार पाण्याने स्नान करावयाचे; खाण्यापिण्याचे नेम पाळावयाचे. पावरीच्या सुरावर रात्र रात्र गोल धरून नाचावयाचे, गावोगाव फिरून धान्य जमवावयाचे, आणि अंगात वारे आले तर ते सोसावयाचे. पावरी हे भोपळा, शिंग आणि ताडाची पाने यांपासून केलेले सुषिर वाद्य आहे. ते वाजवणाऱ्याचा दम किती लागतो हे पाहणाऱ्यासच कळते. पौर्णिमेच्या रात्री सर्व माउल्या डोंगरावरील देवाच्या ठिकाणी चढतात, तेथे दिवा लागतो, पूजा होते. मग बोकडाचा व कोंबड्याचा मान दिला जातो, सर्वांचे एकत्र जेवण होते आणि माउल्या पुन्हा आपापल्या नावाने घरी परततात.

या व्रतापुढे पंधरवड्यातून एकदा येणारी एकादशी म्हणजे काहीच नव्हे. असे असून डोंगऱ्यादेवाचा कोणास जाच होतो असे दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा व्रत धरणारे पुढे येतातच. याची कारणे व्रताच्या घडणीत आहेत. एक तर त्याला मुदत आहे. कोणत्या रात्री ते सुटणार हे धरतानाच ठाऊक असते. दुसरे, ते एकट्याने धरावयाचे नसते. न धरणारेही धान्य देऊन, नाचात सामील होऊन त्यात भाग घेतात. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : व्रताचा शेवट जेवणात होतो, आणि त्या जेवणाच्या पंगतीत व्रत धरलेला व न धरलेला असा भेद उरत नाही. मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे, तो म्हणजे उद्यापन. सोळा सोमवार असोत की चातुर्मासातील नेम असोत, उद्यापन झाल्यावाचून व्रत पुरे होत नाही, आणि उद्यापन म्हणजे इतरांना जेवू घालणे. धर्मशास्त्राने व्रताच्या आरंभाइतकीच त्याच्या समाप्तीची काळजी घेतली, यात मानवी स्वभावाची फार खोल जाण आहे.

आता याच प्रदेशात उद्यापन नसलेले व्रत आले तेव्हा काय झाले ते पाहू. १९२२ साली पालघरच्या किनारपट्टीवर कोळी वस्त्यांत देवी अंगात येण्याचे प्रकार सुरू झाले. देवीच्या आजाराच्या शांतीसाठी निघालेला हा विधी किनाऱ्यावरून सह्याद्रीकडे सरकला आणि नाशिक जिल्ह्याचा पश्चिम पट्टा, सुरगाणा, धरमपूर व डांग या बाजूने वर्षअखेरपर्यंत सुरत जिल्ह्यातील व बडोदे संस्थानातील चौधरी आदी आदिवासींपर्यंत पोहोचला. देवीचे नाव सलाबाई असे सांगत. वाटेत तिचे रूप पालटत गेले. आरंभी ती रोगनिवारक होती. पुढे ती आज्ञा देऊ लागली. दारू व ताडी सोडा, मांस व मासे सोडा, रोज दोन-तीन वेळा स्नान करा, घरे स्वच्छ ठेवा, दारूच्या मक्तेदारांची चाकरी करू नका. हे मक्तेदार दक्षिण गुजरातेत बहुतांशी पारशी होते. त्यांची सावली पडली तरी स्नान करावे, इथपर्यंत आज्ञा गेल्या. हजारो लोक माळरानावर जमत, अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून हुकूम ऐकत, आणि घरी जाऊन कोंबड्या-बकऱ्या मिळेल त्या किमतीस विकून टाकत किंवा सोडून देत. पुढे गांधीजींचे नावही या आज्ञांत मिसळले. विहिरीत डोकावले असता गांधीजी सूत कातताना दिसतात अशा वार्ता उठल्या.

या आज्ञा लोकांनी इतक्या तत्परतेने का उचलल्या? त्याचे उत्तर अबकारीच्या इतिहासात आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरवले आणि विक्री मक्त्याने दिली. जी वस्तू देवाच्या नैवेद्याची, लग्नाची आणि पाहुणचाराची होती, ती दुकानातून उधारीवर घेण्याची वेळ आली. उधारीतून कर्ज, कर्जातून वेठ आणि वेठीतून जमिनीचे हस्तांतर असा क्रम लागला. अशा स्थितीत दारू सोडणे म्हणजे सावकाराचा दोर कापणे होते. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली कूर्गांवरील ग्रंथात मांडलेली संस्कृतीकरणाची कल्पना येथे लावण्याचा मोह होतो. परंतु या चळवळीचे सविस्तर संशोधन करणारे डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली दाखवल्याप्रमाणे, हे वरच्या जातींचे केवळ अनुकरण नव्हते. ज्या आचारांच्या जोरावर वरचे लोक सत्ता गाजवीत, तेच आचार उचलून ती सत्ता नाकारण्याचा हा प्रयत्न होता. हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच मुख्य. वर्ष-सव्वा वर्षातच पुष्कळ लोक मागे फिरले. दक्षिण गुजरातेतील चौधरींमध्ये दोन तट पडले : देवीचे नियम पाळणारे ते ‘वर्जेला’, म्हणजे वर्ज्य करणारे, आणि पूर्ववत् खाऊ-पिऊ लागलेले ते ‘सर्जेला’. या माघारीचे स्पष्टीकरण मनाच्या दुर्बलतेत शोधणे सुधारकांना सोपे वाटते. पण ते पुरेसे नाही. ज्या माणसांनी मार्गशीर्षातील थंडीत पंधरा दिवस उघड्यावर काढावेत, ती मनाने दुर्बल असतात असे कोण म्हणेल? देवीची आज्ञा जन्माची होती. तिला पौर्णिमा नव्हती. शिवाय ती दोन वेगळ्या दिशांनी काम करीत होती. दारूबंदी बाहेरच्या मक्तेदाराशी असलेला संबंध तोडीत होती, आणि तो तोडण्यात सर्वांचे हित होते. मांसबंदी मात्र आतले संबंध तोडीत होती : पितरांचा वाटा, देवाचा मान, सोयऱ्यांची पंगत. एकाच हुकुमात सुटका आणि तुटणे ही दोन्ही बांधलेली होती. लोक कंटाळले ते दुसऱ्याला.

पश्चिम खानदेशात १९३०-४० च्या दशकात तळोदे भागातील गुला महाराज यांच्या आरती-संप्रदायातही दारूत्याग व स्वच्छता यांचा असाच पुकारा झाला. १९३८ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी तो पुढे चालवला. त्याचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावे की तेथे आठवड्याच्या आरतीच्या निमित्ताने माणसे पुनःपुन्हा एकत्र येत. सलाबाईच्या मागे असे नित्याचे एकत्र येणे उरले नव्हते.

पेठ भागात आज हा प्रश्न ज्या रूपाने दिसतो ते रूप माळेचे आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि तिला डोंगराळ भागातून पायी दिंड्या जातात. वारकरी पंथाने या प्रदेशात दारू उतरवण्याचे मोठे काम केले, यात शंका नाही; माळकऱ्याच्या घरातील स्त्री त्याबद्दल पंथाला दुवा देईल. परंतु माळ ही देखील जन्माची. ती घालणाऱ्याने मांस-मद्य कायमचे सोडले. आणि माळ उतरवणे हा व्रताचा शेवट नसून भंग समजला जातो. वस्तुतः वारकरी धर्माला मुदतीचे तत्त्व अपरिचित नाही. एकादशीला द्वादशीचे पारणे आहे, वारीला काला आहे. काल्यात तर सर्वांचे अन्न एकत्र करून वाटून खाणे हेच मर्म आहे. पण या सोयी उपवासाला आणि वारीला आहेत, आहाराच्या निषेधाला नाहीत.

पंचांगच हा पेच पुढे ठेवते. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला माळकरी उपाशी असतो आणि त्याच गावातील माउली व्रतस्थ असतो; त्या दिवशी दोघांमध्ये अंतर नाही. चार दिवसांनी पौर्णिमा येते. माउलीचे व्रत बोकडाच्या रश्शाने सुटते, माळकऱ्याचे सुटत नाही, आणि भाऊ-भाऊ दोन पंगतींत बसतात. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस. वाघदेवाची पूजा करून गुराखी पोरे घरोघरचे धान्य गोळा करतात, रानात शिजवतात आणि खातात. जेथे कोंबड्याचाही मान असतो तेथे माळकऱ्याच्या पोराने काय करावे? आदल्या दिवशीच एकादशी होऊन गेलेली; घरी पारणे, रानात मेजवानी. बापाची माळ पोराच्या गळ्यात नसली तरी बापाचे घर त्याच्या अंगावर असते.

घरात याचा भार कोणावर पडतो हेही पाहण्यासारखे आहे. नियम करणारा व पाळणारा बहुधा पुरुष; चूल स्त्रीची. सासरा माळकरी, नवरा बिनमाळेचा, माहेरचे पाहुणे कोंबडीची अपेक्षा धरून आलेले, अशा घरात भांडी निराळी ठेवणे, दोनदा शिजवणे, मांस बाहेर अंगणात तीन दगड मांडून रांधणे, हे सर्व तिच्याकडे येते. ‘धर्माचा जाच’ हा शब्दप्रयोग ती करणार नाही. ती एवढेच म्हणेल की सण आला की लाकडे दुप्पट लागतात. धर्माच्या समाजशास्त्रात अशा वाक्यांची नोंद सहसा होत नाही, आणि त्यामुळे निषेधाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो हे अंधारात राहते.

ख्रिस्ती प्रार्थना-मंडळ्या जेथे आहेत तेथे पेच आणखी तीक्ष्ण होतो. तेथे प्रश्न मांसाचा नाही, ते चालते. प्रश्न ते कोणाला दाखवलेले आहे याचा आहे. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खावे की न खावे, हा वाद पहिल्या शतकात करिंथ येथील मंडळीत उठला होता आणि पौलाने आपल्या पत्रात त्याला उत्तरही दिले. तो वाद सह्याद्रीच्या कुशीत जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. कणसरीचा मान झालेले नवे धान्य घेऊन बहीण आली तर भावाने ते नाकारावे काय?

या पेचातून लोकांनी काढलेल्या वाटा पंडितांच्या वादापेक्षा अधिक बोलक्या आहेत. देवाला कोंबड्याऐवजी नारळ देणे ही त्यांतील सर्वपरिचित वाट. नारळाला शेंडी आहे, डोळे आहेत, तो फुटतो आणि त्याचे पाणी सांडते. बळीची सर्व चिन्हे त्यात आहेत आणि रक्त नाही. शिवाय त्याचे खोबरे माळकरी, माउली आणि पाहुणा या तिघांच्याही हातावर ठेवता येते. मात्र बोकडाने पंगत होते, नारळाने होत नाही. म्हणून प्रसादाची वाटणी संपली की माणसे उठतात, आणि ज्यांना जेवावयाचे असते ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जेथे चूल पेटलेली असते तिकडे, हळूहळू निघून जातात.