माळव्यातील उन्हाळी मैफल : आधी वारा, मग पाऊस

मे महिन्यात उघड्यावरच्या कार्यक्रमाला गेलेला गोमंतकीय आभाळ भरून आले की छत्री शोधतो. गोव्यातील वळीव मुख्यतः पावसाच्या रूपाने भेटत असल्याने ही सवय स्वाभाविकच आहे. उज्जैनमध्ये मात्र ती फसवी ठरू शकते. शहराच्या दक्षिण भागात, इंदूर मार्गाकडील नानाखेडा परिसरात बसस्थानक आहे, स्टेडियम आहे. तेथील मोकळ्या मैदानावर उन्हाळ्यात गाणे ऐकायला बसलेल्या श्रोत्यापर्यंत सर्वप्रथम पोहोचतो तो वारा, आणि खरा धोकाही त्याचाच असतो.

उज्जैनचा सर्वांत प्रतिष्ठित महोत्सव या संकटापासून दूर आहे. १९५८ पासून होणारा कालिदास समारोह कार्तिकात, आकाश निवळल्यावर भरतो. परंतु विक्रमोत्सवाचे कार्यक्रम महाशिवरात्रीपासून सुरू होतात आणि २०२५ मध्ये तर ते जूनअखेरपर्यंत लांबवण्यात आले. सिंहस्थ कुंभाचा मुख्य काळ वैशाखाचा, म्हणजे ऐन उन्हाळ्याचा. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. मागच्या सिंहस्थात, ५ मे २०१६ रोजी दुपारनंतर आलेल्या वादळी पावसाने मेळा क्षेत्रातील अनेक मंडप कोसळले. सात जणांचा मृत्यू झाला आणि कित्येक जखमी झाले.

तरीही माळव्यातील उन्हाळी रात्रीचा लौकिक खोटा नाही. ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध’ यांच्या पंक्तीत ‘शब-ए-मालवा’ बसली ती तिच्या गारव्यामुळेच. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीच्या या पठारावर हवा कोरडी असते. दिवसा पारा चाळिशी ओलांडतो, पण सूर्यास्तानंतर जमिनीची उष्णता झपाट्याने आकाशात निघून जाते. याच कोरड्या हवेसाठी क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये उज्जैनजवळच्या देवासला आले आणि तेथेच राहिले. माळव्याच्या लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला काय दिले, हे मराठी रसिकाला वेगळे सांगायला नको.

ही रात्र ध्वनीलाही अनुकूल असते. दुपारी जमिनीलगतची हवा अधिक तापलेली असल्याने ध्वनिलहरी वर वळतात आणि मागच्या रांगांपर्यंत पोहोचताना आवाज विरतो. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या थरांपेक्षा थंड झाली की लहरी खाली झुकतात. त्याच ध्वनिवर्धकांवरून तेच गाणे मग दूरवर स्पष्ट ऐकू येते.

हवेच्या या कोरडेपणातच वादळाचे मर्मही आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा दुपारभर वर उसळत राहते. अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून थोडी आर्द्रता मिळाली की उंच गडगडाटी ढग तयार होतात. त्यांतून पडणारे थेंब खालच्या कोरड्या थरात वाटेतच वाफ होऊन जातात. त्यामुळे हवा एकाएकी थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ढग अजून काही अंतरावर असतानाच धुळीची भिंत मैदानावर येते. पाऊस नंतर येतो, कधी येतही नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून मघापर्यंत नुसते फडफडणारे मंडपाचे कापड पुढच्या झोतात खांबासह उखडू शकते. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तोही अशाच धुळीच्या वादळात. मैदानात जागा निवडताना गायक जवळून दिसतो की नाही हे सगळेच पाहतात. प्रकाशाचे मनोरे, पडदे आणि कमानी आपल्यापासून किती दूर आहेत, हे पाहणारे थोडे.

विजेच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी मंडप किंवा झाड हा आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी तेथून निघू नये. हवामान खात्याचा पुढील काही तासांचा तातडीचा इशारा आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप यांवर आधीच सूचना मिळू शकते. अर्थात ती वाचून कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे आयोजकांनी आधी ठरवलेले असेल तरच तिचा उपयोग. निमंत्रित पाहुण्यांचे सत्कार लांबत असताना ढगाकडे पाहायला कोणाला सवड नसते, हा अनुभव नानाखेड्यापुरता नाही.

झोत ओसरल्यावर वाद्यांची परीक्षा सुरू होते. तापमान काही मिनिटांत बरेच उतरलेले असते आणि हवेत ओलावा आलेला असतो. तबल्याचे चामडे तो शोषून सैल पडते, स्वर उतरतो. थंड हवेत बासरीही किंचित उतरते. हार्मोनियमच्या धातूच्या पट्ट्या मात्र जवळजवळ होत्या त्याच स्वरावर राहतात. त्यामुळे वादक हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतो, तंबोऱ्याच्या खुंट्या पुन्हा पिळल्या जातात. उतावळ्या श्रोत्यांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तोवर धूळ खाली बसलेली असते, जमीन गार झालेली असते आणि मैदानाच्या शेवटच्या रांगेतही तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येऊ लागतो.