पुराव्यामागचा कॅमेरामन

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या केएचओयू या स्थानिक वाहिनीने फायरस्टोन कंपनीच्या टायरांवर एक शोधबातमी दाखवली. भरधाव फोर्ड एक्स्प्लोररच्या टायरचा वरचा थर सुटायचा, गाडी उलटायची आणि माणसं मरायची. बातमीदार ॲना वर्नर, निर्माता डेव्हिड राझिक आणि कॅमेरामन ख्रिस हेनाओ अशी ही तिघांची तुकडी. ऑगस्टमध्ये पासष्ट लाख टायर परत मागवले गेले आणि वर्ष सरायच्या आत वाहनसुरक्षेचा नवा कायदाही झाला. ही बातमी आठवली की लोक वर्नरबाईंचं नाव घेतात. मला कुतूहल आहे ते कॅमेरामनच्या कामाचं.

मोर्चा असो की आग, कॅमेरामनच्या समोर काहीतरी घडत असतं. शोधबातमीत सगळं घडून गेलेलं असतं. हाती उरतात खटल्याचे कागद, नातेवाइकांच्या आठवणी आणि एखादी मोडकी वस्तू. यातून दहा मिनिटांची बातमी डोळ्यांना धरून ठेवेल अशी करायची!

कागदाचंच घ्या. तो सपाट चिकटवायचा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकायचा, म्हणजे चकाकी येत नाही. पण खरी मेख पुढे आहे. निव्वळ अधोरेखित ओळीचा क्लोजअप घेतला, तर ती ओळ कुठल्या कागदावरची, हे कोण सांगणार? म्हणून जाणता कॅमेरामन आधी लेटरहेड, तारीख आणि सही दाखवतो आणि शॉट न तोडता ओळीवर येतो. प्रेक्षकाला हे जाणवतही नाही. वाहिनीच्या वकिलाला मात्र लगेच जाणवतं.

त्याहून नाजूक काम म्हणजे नाव न सांगणाऱ्या साक्षीदाराचं चित्रण. खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा धोक्याचा आहे, कारण काळ्या दिसणाऱ्या चित्रातही चेहऱ्याचा तपशील उरलेला असू शकतो आणि संगणकावर उजेड वाढवला की तो वर येतो. त्यापेक्षा चेहरा फ्रेमबाहेरच ठेवावा. भिंतीवरची सावली घ्यावी, हात घ्यावेत. हातांतही अंगठी, गोंदण, घड्याळ काढून किंवा झाकून. ऑफिसातल्या सहकाऱ्याला ओळख पटायला तेवढंही पुरतं. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी किंवा दुकानाची पाटी दिसली तर पत्ताच दिल्यासारखं होतं. चेहरा ब्लर करायचं काम एडिटिंगवर सोपवलं, तरी मूळ फाईलमध्ये तो राहतोच.

पाळत ठेवणं सिनेमात थरारक वाटतं. प्रत्यक्षात इंजिन आणि एसी बंद करून तासन्‌तास गाडीत बसणं असतं. दुपारी तापलेल्या रस्त्यावरून लांब पल्ल्याच्या लेन्सने पाहिलं की चित्र लहरू लागतं, म्हणून सकाळची वेळ गाठावी लागते. (काचांना काळी फिल्म लावून लपायची सोय आपल्याकडे राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली. बातमीसाठीही सवलत नाही.)

छुप्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीच्या दोन निर्मात्या खोटी माहिती देऊन फूड लायन या किराणा दुकानांच्या साखळीत नोकरीला लागल्या आणि लपवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांनी तिथला मांसविभाग चित्रित केला. कंपनीने बदनामीचा दावा लावलाच नाही. आत शिरण्यासाठी केलेल्या फसवणुकीवर बोट ठेवलं. ज्युरीने पंचावन्न लाख डॉलरचा दंड ठोठावला. १९९९ च्या अपिलात शेवटी भरपाई उरली दोन डॉलर.

आपल्याकडे डिसेंबर २००५ मधल्या ‘ऑपरेशन दुर्योधन’ या छुप्या कॅमेऱ्याच्या स्टिंगने संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार दाखवले. अकरा जणांचं सदस्यत्व गेलं. त्यांत एरंडोल आणि जळगाव, असे खानदेशातले दोन खासदार होते. चौकशी समितीने मूळ असंपादित चित्रणही पाहिलं, ही त्यातली सर्वांत मोलाची बाब. उलट २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवरचं स्टिंग बनावट निघालं. तोवर जमावाने तिला मारहाण केली होती, नोकरी गेली होती. सरकारने ते दाखवणाऱ्या वाहिनीचं प्रक्षेपण महिनाभर थांबवलं. माझ्या मते ही शिक्षा फारच सौम्य होती. स्टिंग करणाऱ्याला फौजदारी कारवाईपासून आपोआप संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं.

चित्रणाचा कायदा मात्र सगळ्यांत ठळक झाला तो जालन्याच्या एका खटल्यात, आणि त्यात वाहिनीचा कॅमेरा नव्हताच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे २९६ मतांनी निकाल लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीननंतर घेतला गेला, असा आक्षेप होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मूळ उपकरण हजर केलं नाही तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा, नोंदवावा लागतो. चित्रणातला एक क्षण कापला तरी तो आकडा बदलतो.