विकतचा फराळ, पण पारखून

अनारसे घरी करायचे तर तांदूळ 3 दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग तांदूळ निथळून, दळून, चाळून गुळात मळायचे आणि पीठ मुरू द्यायचं. एवढं करूनही अनारसा तुपात ‘हसला’, म्हणजे विरघळत पसरला, की मेहनत वाया. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांत हे जमणं अवघड, म्हणून फराळ विकत आणला जातो.

पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ‘ना नफा, ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. मुंबईत प्रेमा पुरव यांनी 1975 साली गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. विकतच्या घासामागेही कुणाचे तरी कसलेले हात असतात, आणि त्यांना योग्य दाम मिळायलाच हवा.

घेताना काय पाहावं?

परवाना : पाकिटावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असावा.

मुदत : 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानातल्या सुट्या मिठाईसमोरही ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं बंधनकारक झालं होतं; तारीख लावलेली नसेल तर विचारून घ्यावी.

वास : करंजी मोडून सारण हुंगावं, खोबरं जुनं असेल तर खवटपणा लगेच कळतो. चकलीचा तुकडा कुरकुरीत मोडावा, बोटांना तेल लागू नये.

टिकाऊपणा : शंकरपाळी, बेसनाचे लाडू आधी आणून ठेवता येतात. ओल्या नारळाच्या करंज्या मात्र ज्या दिवशी खायच्या, त्याच दिवशी आणाव्यात.