उंदीर पळाला, पण तुमचं काय?

सकाळी सहाला योगी हिलचा चढ पळत चढलात, तर शेवटच्या वळणावर पोटऱ्या दगड होतात. मुलुंडमधल्या माझ्या एका मित्राला नेमक्या त्या वळणासाठी जिममधल्या दादाने एक बाटली आणून दिली. मित्र पोलीस भरतीची तयारी करतोय. मुलांच्या १६०० मीटरला २० गुण असतात आणि वेळ वाढली की गुण उतरतात. बाटलीवर नाव 'कार्डरीन'. खाली बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी'. "ते लिहावं लागतं रे, कायद्यासाठी," इति दादा.

मी जरा शोधाशोध केली. गंमत म्हणजे दादा अगदीच थापा मारत नव्हता.

कार्डरीन म्हणजे जीडब्ल्यू ५०१५१६. औषध कंपनी ग्लॅक्सो ते चयापचय आणि हृदयाच्या आजारांसाठी तयार करत होती. या औषधामुळे स्नायू साखर राखून ठेवतात आणि चरबी जाळतात. लांब पळताना साखर संपली की आपण कोलमडतो. ती उशिरा संपली तर जास्त पळतो. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या २०१७च्या प्रयोगात व्यायाम न करणारे उंदीर साधारण १६० मिनिटांत थकले. औषध दिलेले, तेही बिनव्यायामाचेच, २७० मिनिटं पळाले. वाचून मीही म्हटलं, आयला, भारीच!

पण त्याआधीच, २००७ मध्ये, ग्लॅक्सोने या औषधाचं काम थांबवलं होतं. कारण, दीर्घकाळ औषध दिलेल्या प्राण्यांच्या यकृतापासून मूत्राशयापर्यंत अनेक अवयवांत कॅन्सरच्या गाठी सापडल्या. २०१३ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा'ने तर चक्क फसवणूक करणाऱ्या खेळाडूंनाच उद्देशून इशारा दिला, की हे जिवावर बेतू शकतं.

यावर दादाचं म्हणणं, "ते उंदरांवरचं आहे. डोसही जास्त होता." अहो दादा, मग २७० मिनिटं कोण पळालं होतं? फायद्याचा उंदीर खरा आणि कॅन्सरचा उंदीर खोटा, असं कसं चालेल? माणसांवर चाचण्या झाल्या त्या थोड्या आठवड्यांच्या, रक्तातल्या चरबीसाठी. म्हणजे फायदा झालाच तर मैदानावर पाच मिनिटांत दिसेल. तोटा दिसायला किती वर्षं लागतील, ते दादाही सांगू शकत नाही. आणि मुळात बाटलीत तेच आहे कशावरून?

प्रयोगातलं नको म्हणून काही जण मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेतात. हे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात. धडधाकट मुलाने टोचून घेतलं की थकवा जाणवत नाही, पण हृदयावरचा ताण वाढतच असतो. थकवा हा शरीराचा अलार्म आहे. अलार्म बंद केला म्हणून आग विझते का?

'वाडा'च्या २०२३च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले. हे झाले अधिकृत खेळाडू. जिममधल्या आणि भरतीच्या रांगेतल्या पोरांचे नमुने त्यात नाहीत.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दीड महिनाच घेणार होतो." सध्या त्याची वेळ ५ मिनिटं ५० सेकंद आहे. पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात. रोज सकाळी स्टॉपवॉच मी धरते. बाटली अजून त्याच्या कपाटात आहे, सील न फोडलेली.